नोकरी सांभाळून संध्याकाळचा वर्ग : हिशेबाचा करावा की एसी दुरुस्तीचा?

साकीनाका_स्टोअर

सर्वांना नमस्कार. साकीनाक्याजवळ यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात मी स्टोअरकीपर आहे. वय चाळीस, शिक्षण बारावी वाणिज्य, राहायला डोंबिवलीला. माल उतरवून घेणे, चलन आणि खरेदी-ऑर्डर ताडून पाहणे, स्टॉकची नोंद ठेवणे आणि बिलाप्रमाणे माल रवाना करणे हे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे आणि ते मला चांगले येते. मात्र आता आमच्याकडे बारकोड आणि नवी संगणक प्रणाली बसवली जात आहे, आणि गोदामात आज आहेत तेवढी माणसे पुढे लागणार नाहीत, हे वरिष्ठांच्या बोलण्यावरून स्पष्ट होते. नोकरी लगेच जाईल असे नाही. पण तशी वेळ आलीच, तर दुसरे कोणते काम मागायला जायचे याचे उत्तर आज माझ्याजवळ नाही, आणि मुले शाळेत असताना ते उत्तर असायला हवे असे मला मनापासून वाटते.

मी दोन वर्ग पाहून आलो. एक घाटकोपर स्थानकाजवळ आहे : टॅली (हिशेबाची संगणक प्रणाली), जीएसटी आणि एक्सेल मिळून तीन महिने, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सव्वासात ते पावणेनऊ. मी मेट्रोने घाटकोपरला येऊनच डोंबिवलीची गाडी पकडतो, त्यामुळे तो वाटेत पडतो. दुसरा कुर्ल्याला एसी आणि फ्रीज दुरुस्तीचा, चार महिन्यांचा, आठवड्यातून तीन संध्याकाळी आणि रविवारी पूर्ण दिवस. यांखेरीज आणखी एका ठिकाणी चौकशी केली असता ‘नोकरीची १०० टक्के हमी’ असा फलक दिसला, पूर्ण शुल्क आगाऊ मागण्यात आले आणि उद्याच प्रवेश बंद होणार असल्याचे सांगण्यात आले.

माझी पत्नी घरी फॉल-पिको आणि साधे ब्लाउज शिवते. तिलाही शिवणकाम व्यवस्थित शिकायचे आहे, परंतु संध्याकाळी दोघांनीही घराबाहेर राहणे शक्य नाही. चाळिशीत घेतलेल्या अशा प्रमाणपत्राला नोकरी देणारे खरोखर विचारतात का, आणि वर्ग चांगला आहे हे पैसे भरण्याआधी कसे ओळखावे, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

हिशेबनीस_मुलुंड

मी एका लेखापालाच्या कार्यालयात लहान व्यापाऱ्यांची वह्या-विवरणपत्रे पाहतो आणि आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुला-माणसांची चाचणीही मीच घेतो. त्यामुळे प्रमाणपत्राबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी त्या टेबलाच्या या बाजूने देतो. टॅलीचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, आणि लहान कार्यालयात ते कोणी फारसे निरखून पाहतही नाही. आम्ही उमेदवाराला संगणकासमोर बसवतो, खरेदी-विक्रीची बिले आणि बँकेचे विवरण त्याच्यासमोर ठेवतो आणि नोंदी करून बँक जुळवणी करायला, म्हणजे त्या नोंदी बँकेच्या विवरणाशी ताडून पाहायला सांगतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात वर्गात हाताने किती काम केले आहे आणि नुसते पडद्याकडे पाहत किती वेळ काढला आहे, ते लगेच कळते.

म्हणून वर्ग पाहायला जाल तेव्हा अभ्यासक्रमाची छापील यादी बाजूला ठेवावी आणि सरावासाठी एका काल्पनिक दुकानाची संपूर्ण वर्षाची बिले मिळतात का, हे विचारावे. एप्रिलपासून मार्चपर्यंतच्या नोंदी, दर महिन्याचे विवरणपत्र, टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) आणि अखेरीस ताळेबंद हे सगळे आपल्या हातून एकदा झाले, तर तीन महिने सार्थकी लागले असे समजावे. शिकवण्याचे साहित्य ताजे आहे की नाही हे ओळखण्याच्याही सोप्या खुणा आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी रद्द होऊन मुख्यतः ५ आणि १८ टक्के हे दर राहिले. तरीही फळ्यावर जुन्या चार टप्प्यांचीच उदाहरणे सोडवली जात असतील, तर शिक्षकाचा प्रत्यक्ष कामाशी संबंध तुटलेला आहे. त्याचप्रमाणे संगणकावर टॅलीप्राइमऐवजी जुने टॅली ईआरपी ९ असेल, तर तेही शुभलक्षण नाही. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे बंधनकारक आहे आणि त्या शिस्तीची सवय वर्गातच लागायला हवी.

या कामाला महिन्याची एक लय असते, तीही वर्गात समजावून सांगितली गेली पाहिजे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याची विक्रीची माहिती, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जाते. १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांची यादी, तयार होते. तिच्याशी आपली खरेदीची बिले जुळवून २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी हे महिन्याचे एकत्रित विवरणपत्र भरून कर चुकता करायचा असतो. पुरवठादाराने बिल चढवलेच नसेल, तर त्यावरील कराची वजावट अडकते आणि व्यापाऱ्याचा पैसा खोळंबतो. ही जुळवणी चिकाटीने करणारा, पुरवठादाराला फोन करून बिल चढवून घेणारा माणूस प्रत्येक कार्यालयाला हवा असतो.

आणि येथेच आपली बाजू बळकट आहे. वाणिज्याच्या ताज्या पदवीधराला जमा-खर्चाचे नियम पाठ असतात. पण चलनात दहा नग आणि बिलात बारा नग असतील तर काय करायचे, परत गेलेल्या मालाची क्रेडिट नोट कधी निघते, ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत वाटेतच संपली तर कोणाला कळवायचे, हे त्याने कधी पाहिलेले नसते. आपण ते रोज करता. केवळ ‘अकाउंट्स असिस्टंट’ म्हणून अर्ज न करता स्टॉक आणि हिशेब दोन्ही सांभाळणारा माणूस म्हणून अर्ज करावा. भिवंडी, तळोजा आणि पनवेल परिसरातील गोदामांत अशा कामाला जागा आहे, आणि डोंबिवलीहून भिवंडी-कल्याण पट्टा आपल्याला साकीनाक्यापेक्षा जवळच पडेल.

गारवा_चेंबूर

हिशेबनीसांनी त्यांच्या क्षेत्राबद्दल जे लिहिले ते बरोबरच असणार, परंतु एक गोष्ट मला खटकते. हिशेबाच्या कामासाठी मुंबईत दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात आणि संगणक प्रणालीच गोदामातील माणसे कमी करीत असेल, तर ती उद्या हिशेबाच्या टेबलावरही येणारच आहे. बंद पडलेला एसी मात्र कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन उघडावा लागतो. मी वातानुकूलन यंत्रांची बसवणी आणि दुरुस्ती करतो, माझ्या हाताखाली मुले तयार झाली आहेत, म्हणून या वर्गाविषयी दोन्ही बाजू स्पष्टपणे लिहितो.

चार महिन्यांच्या वर्गातून मेकॅनिक तयार होत नाही, हे आधी मनात पक्के करावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, हाच व्यवसाय दोन वर्षे शिकवतात आणि त्यानंतरही मुलगा एखादा हंगाम मदतनीस म्हणून फिरतो. अल्पमुदतीच्या वर्गाकडून अपेक्षा एवढीच ठेवावी की मूलभूत कामे योग्य पद्धतीने करण्याची हाताला सवय लागेल. तांब्याचा पाइप कापून त्याला फ्लेअर काढणे (तोंड रुंदावणे), ब्रेझिंगने सांधा जोडणे, नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासणे, व्हॅक्युम पंपाने पाइपातील हवा आणि ओलावा काढणे आणि वजनकाट्यावर मोजून गॅस भरणे, ही ती कामे. वर्गात एका यंत्राभोवती वीस जण उभे राहून पाहत असतील, तर तो वर्ग नाकारावा. गेज मॅनिफोल्ड (वायूचा दाब मोजण्याचे साधन) आणि पंप स्वतःच्या हाती किती वेळा येईल, हेच विचारावे.

गॅसविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जिवाशी संबंध आहे. जुन्या एसींत आर-२२ हा वायू असे. तो ओझोनच्या थराला हानी करतो, त्यामुळे मॉन्ट्रियल कराराप्रमाणे आपल्या देशातही त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. आता घरगुती एसींत प्रामुख्याने आर-३२ येतो आणि काही यंत्रांत आर-२९०, म्हणजे प्रोपेन. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर आर-२९० पूर्ण ज्वलनशील. आर-२२च्या काळात पंप न लावता थोडा गॅस सोडून पाइपातली हवा बाहेर ढकलण्याची आणि पाइपात गॅस शिल्लक असतानाच ज्योत लावण्याची वाईट सवय अनेकांना लागली. ज्वलनशील वायूबाबत हीच सवय भाजण्याचे आणि स्फोटाचे कारण ठरते. जो वर्ग आजही फक्त आर-२२च्या यंत्रावर शिकवतो, तो विद्यार्थ्याला कालबाह्य ज्ञान देतो, एवढेच नव्हे तर त्याला धोक्यात लोटतो.

आता आपल्या वयाबद्दल. चाळीस हे वय शिकण्यासाठी जास्त नाही, परंतु या कामात शरीर लागते. मुंबईत एसीचा बाहेरचा भाग खिडकीच्या सज्जावर किंवा भिंतीच्या लोखंडी कंसावर असतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने तो कंस गंजलेला असू शकतो, आणि दहाव्या मजल्यावर सुरक्षापट्टा बांधून त्यावर ओणवे होऊन काम करावे लागते. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दिवसाला जेवढ्या तक्रारी घ्याल तेवढ्या कमी, तर पावसाळ्यात काम मंदावते. उत्पन्नातील हा चढ-उतार पगाराची सवय असलेल्या घराला सोसेल का, याचा विचार पत्नीसोबत बसून करावा. उंचीची भीती नसेल, पाठ-गुडघे ठीक असतील आणि एखाद्या ओळखीच्या मेकॅनिकबरोबर रविवारी जाऊन चार घरांतील सर्व्हिसिंग आधी पाहता आले, तरच शुल्क भरावे.

एक सूचना वायरिंगच्या वर्गांबद्दलही. घरातील किंवा कारखान्यातील विजेच्या जोडणीचे काम नियमाप्रमाणे परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनकडूनच व्हावे लागते. महाराष्ट्रात तो परवाना राज्याचे अनुज्ञापक मंडळ देते. त्यामुळे तीन महिन्यांच्या खासगी प्रमाणपत्रावर ‘तुम्ही वायरमन झालात’ असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही. येथे कागदाला खरोखर किंमत आहे आणि तो कागद कोण देतो हे पाहणे अत्यावश्यक आहे.

शिवणवर्ग_परळ

मी स्त्रियांना शिवणकाम शिकवते, म्हणून आपल्या पत्नीविषयीच्या प्रश्नावर लिहिते. प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग असावेत असे सगळेच म्हणतात, पण घर सांभाळणाऱ्या बाईसाठी संध्याकाळ हीच सर्वांत अडचणीची वेळ असते. मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, कामावरून येणारी माणसे आणि अनेक वस्त्यांत पाण्याची वेळ, हे सगळे सहा ते नऊमध्येच येते. माझ्या पाहण्यात संध्याकाळच्या वर्गातून अर्ध्यावर गळणाऱ्या बहुतेक जणींना शिवण जड गेले म्हणून वर्ग सुटला नाही, तर घरची ही वेळ सांभाळताना सुटला. म्हणून ताईंसाठी दुपारी दोन ते पाचचा वर्ग पाहावा. आपला वर्ग संध्याकाळी आणि त्यांचा दुपारी असेल, तर आपली दोघांची अडचणही उरत नाही.

वर्ग कुठे शोधावा, तर आधी आपली पगारपावती पाहावी. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची लहानशी रक्कम कापली जात असेल, तर आपण महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचे वर्गणीदार आहात. हे मंडळ १९५३च्या कायद्याने उभे राहिले असून त्याची कल्याण केंद्रे कामगारांच्या कुटुंबीयांसाठी शिवण वर्ग चालवतात. वर्षानुवर्षे पैसे कापले जातात आणि केंद्राची पायरी कोणी चढत नाही, याचे मला फार वाईट वाटते. दुसरा मार्ग जन शिक्षण संस्थानांचा. या योजनेचे मूळ मुंबईतच आहे, कारण देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ मध्ये वरळीला सुरू झाले. २००० मध्ये या संस्थांना जन शिक्षण संस्थान असे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये त्या केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. पंधरा ते पंचेचाळीस या वयोगटातील, शाळा अर्धवट सुटलेल्या किंवा अल्पशिक्षित व्यक्तींना, विशेषतः स्त्रियांना, तेथे प्राधान्य असते आणि शुल्क अत्यल्प असते.

काय शिकावे हे त्यांना कोणते काम करायचे आहे त्यावर ठरेल, कारण शिवणकामाच्या वाटा एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. घरी बसून ग्राहकांचे काम करायचे असेल, तर कटिंगवर सर्वाधिक वेळ द्यावा. मापे घेणे, कागदावर आकार काढणे, अस्तराचा ब्लाउज, कटोरी आणि प्रिन्सेस कट, आणि शिवणीत माया (जादा कापड) किती ठेवायची याचा अंदाज, ही शिकण्याची खरी जागा आहे. वर्गात कागदावरचे आकार वहीत चिकटवून घेतात आणि कापडाला कात्री लावू देत नाहीत, असे दिसले तर तिथे प्रवेश घेऊ नये. स्वतःच्या, सासूबाईंच्या आणि शेजारणीच्या अशा तीन निरनिराळ्या बांध्यांच्या मापांवर ब्लाउज शिवून, अंगावर घालून, उसवून आणि पुन्हा शिवूनच फिटिंग समजते. याउलट तयार कपड्यांच्या कारखान्यात जायचे असेल, तर घरच्या पायमशीनचा सराव पुरेसा नाही. वेगवान औद्योगिक मशीन आणि कापडाच्या कडा शिवणारे ओव्हरलॉक यांवर हात बसायला हवा, कारण तिथे नगावर पैसे मिळतात आणि वेग हीच कमाई असते.

दुरुस्तीचे काम, म्हणजे जीन्सची उंची कमी करणे, तयार कुर्त्याला बाह्या लावणे, चेन बदलणे, ब्लाउज सैल-घट्ट करणे, हे शिकवायला अनेक वर्ग कमीपणा मानतात. माझ्या मते सुरुवातीला त्याच कामाने घरखर्चाला हातभार लागतो, कारण ऑनलाइन मागवलेले कपडे अंगाला नीट बसत नाहीत आणि डोंबिवलीतील प्रत्येक सोसायटीत अशा कामाची गरज आहे. ताईंचा फॉल-पिकोचा ग्राहकवर्ग आधीच आहे. त्यांनी त्याच ग्राहकांपुढे दुरुस्तीचे दरपत्रक ठेवून आजच सुरुवात करावी आणि वर्ग त्याच्या जोडीने चालू ठेवावा.

साकीनाका_स्टोअर

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. गारवा यांनी लिहिलेला खुलासा वाचून पत्नीशी बोललो आणि उंचीवरचे काम व हंगामी उत्पन्न हे आमच्या घराला आज झेपणारे नाही, असे आमच्या दोघांच्याही लक्षात आले. पगारपावतीत कामगार कल्याण निधीची कपात खरोखरच आहे. पत्नी डोंबिवली-कल्याण भागातील केंद्राची चौकशी करणार आहे. माझी शंका आता वेळेची उरते. आठवड्याचे पाच दिवस रात्री पावणेनऊला सुटून घरी दहा वाजतील. हे तीन महिने निभावते का? आणि पूर्ण शुल्क आगाऊ द्यावे का?

गिरणगाव_लालबाग

निभावते, पण वर्ग कोणत्या महिन्यात सुरू होतो यावर बरेच अवलंबून असते. जून ते सप्टेंबर या काळात एखाद्या मुसळधार संध्याकाळी कुर्ला-शीव भागात रुळांवर पाणी आले की वर्ग बुडतो, आणि त्यानंतर गणपती-नवरात्र येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा जानेवारी ते मार्च हे तीन महिने सलग मिळतात. मात्र हिशेबाच्या वर्गाचा शेवट मार्चमध्ये आला, तर शिकवणारे स्वतःच वर्षअखेरीच्या कामात गुंतलेले असतात, हेही पाहावे. कुर्ल्याच्या वर्गाबाबत आणखी एक अडचण आपल्या लक्षात आली असेल. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद असतात, त्यामुळे डोंबिवलीकराने रविवारच्या पूर्ण दिवसाच्या वर्गावर भिस्त ठेवू नये. घाटकोपरचा वर्ग आपल्या रोजच्या वाटेवर आहे, पासही तोच चालतो आणि रात्री नऊनंतर गाडीत उभे राहण्यापुरती तरी जागा मिळते. वर्ग शोधताना तो घराच्या किंवा कामाच्या स्थानकाशी, नाहीतर गाडी बदलण्याच्या ठिकाणीच असावा. वाट वाकडी करावी लागली की दुसऱ्या महिन्यात दांड्या सुरू होतात. बुडालेला तास दुसऱ्या तुकडीत बसून भरून काढता येतो का, हे आधीच विचारून ठेवावे.

शुल्काबद्दल सांगायचे तर हप्त्याने भरण्याची सोय नसेल तिथे जाऊ नये. खासगी वर्गाच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागू होऊ शकतो, म्हणून सांगितलेली रक्कम करासह आहे की नाही हे लिहून घ्यावे, आणि पावतीवर नोंदणी क्रमांक असावा. हिशेब शिकवणारा वर्गच पक्की पावती देत नसेल, तर पुढे विचारायला नको. शुल्क परतीचा नियम लेखी मागावा. नोकरीच्या हमीचा फलक लावणाऱ्यांबाबत एवढे ध्यानात ठेवावे की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली असून हमखास निवड, हमखास नोकरी असे खोटे दावे करण्यास त्यांत मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आता गारवा आणि हिशेबनीस यांच्या मतभेदाबद्दल थोडे लिहितो. माझे वडील कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या बंद होत गेल्या, तेव्हा आमच्या चाळीत मी जे पाहिले ते विसरू शकत नाही. गिरणीच्या यंत्रशाळेतील फिटर आणि वीजखात्यातील माणसे उशिरा का होईना, दुसऱ्या कारखान्यांत, इमारतींच्या देखभालीत किंवा स्वतःच्या छोट्या दुकानात लागली. साच्यावर काम करणारे विणकर कौशल्यात कुठेही कमी नव्हते, पण त्यांचे काम फक्त साच्यावरच चाले, म्हणून त्यांना भिवंडीच्या यंत्रमागावर कमी मजुरीत जाणे किंवा गावी परतणे एवढेच उरले. या परळ-लालबागमध्येच कामगार नेते ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था १९११पासून कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवीत होत्या. रात्री शिकण्याची परंपरा येथे नव्हती असे नाही. पण गिरणी चालू आहे तोवर दुसरे काम शिकावे असे फार थोड्यांना वाटले.

त्यामुळे हिशेब की एसी, हा प्रश्न मी वेगळ्या रीतीने विचारीन. शिकलेले काम किमान दोन वेगळ्या प्रकारच्या मालकांना हवे आहे का? स्टॉक आणि जीएसटी जाणणारा माणूस गोदामाला लागतो, किराणा घाऊक व्यापाऱ्याला लागतो, औषधांच्या वितरकाला लागतो आणि लेखापालाच्या कार्यालयालाही लागतो. या कसोटीवर आपली निवड योग्य वाटते. प्रणाली माणसे कमी करते हे गारवांचे म्हणणे खोटे नाही, पण ती चालवणारा, तिने दाखवलेली चूक कपाटापर्यंत जाऊन शोधणारा माणूस शिल्लक राहतो. आपल्या कंपनीत नवी प्रणाली बसवली जात आहे, तर तिच्या प्रशिक्षणासाठी आपले नाव आधी पुढे करावे. त्यासाठी पैसेही भरावे लागणार नाहीत.

गारवा_चेंबूर

ही शेवटची सूचना मला पटली. माझा आग्रह एसीसाठी नव्हता. केवळ पदवीधरांच्या रांगेत उभे राहू नये, एवढेच मला म्हणायचे होते. गोदामाचा अनुभव जोडून अर्ज केला, तर ती रांग बरीच लहान होते हे मान्य आहे.

साकीनाका_स्टोअर

आज प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी वरिष्ठांकडे नाव दिले आणि त्यांनी ते घेतले. घाटकोपरच्या वर्गाने दोन दिवस नुसते बसून पाहण्याची परवानगी दिली आहे. सराव टॅलीप्राइमवर होतो, शुल्क तीन हप्त्यांत घेतात आणि बुडालेला तास शनिवारच्या तुकडीत भरून देतात. तिथे मला एक्सेल आधी घ्यावे की टॅली आधी, असे विचारले आहे. मला एक्सेलमध्ये बेरजा आणि तक्ते एवढेच येते.

हिशेबनीस_मुलुंड

एक्सेल आधी घ्यावे. फिल्टर, पिव्हट टेबल (माहितीचा गोषवारा काढणारा तक्ता) आणि एका तक्त्यातील क्रमांक दुसऱ्या तक्त्यात शोधण्याची सूत्रे एवढे पक्के झाले, की जीएसटीआर-२बीची जुळवणी आपल्याला सहज समजेल, कारण प्रत्यक्षात ती बरीचशी एक्सेलमध्येच होते. सरावासाठी कंपनीची खरी माहिती बाहेर नेऊ नये. दोनशे वस्तूंची एक काल्पनिक यादी तयार करावी, प्रत्येकीचा एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी वस्तूच्या वर्गाचा क्रमांक) आणि कराचा दर लिहावा, आणि त्यात मुद्दाम काही नगांची तफावत घालून ती सूत्रांनी शोधून काढावी. बसून पाहण्याच्या त्या दोन दिवसांत शिक्षकांना हीच यादी दाखवून ती टॅलीत एकदम कशी चढवायची, हे विचारावे. ते करून दाखवू शकले, तर पहिला हप्ता भरण्यास हरकत नाही.